यादीतली चाळिसावी ओळ

क्लेगॉर्न बिल्डिंगच्या वारसा यादीत चाळिसाव्या क्रमांकावर माझ्या वडिलांची नोंद झाली. एकोणचाळिसाव्या क्रमांकावर दुसऱ्या मजल्यावरची पितळी पिकदाणी होती. यादी खरं तर तिथेच संपायची, पण छापील फॉर्मला ओळी चाळीस होत्या.

फॉर्म वडिलांनीच भरला होता. क्लेगॉर्न बिल्डिंग म्हणजे गोदीजवळच्या जुन्या पेठेतली पाच मजली दगडी इमारत. आधी ती कुणा कापूसवाल्या साहेबाची होती, नंतर सत्तर वर्षं एका विमा कंपनीची. बाबा तिथे अठ्ठ्याऐंशी साली लागले आणि हेड क्लार्क होऊन थांबले. पुढे कंपनीने उपनगरात काचेची बिल्डिंग घेतली आणि जुनी एका हॉटेलवाल्याला विकली. खालच्या दोन मजल्यांवर हॉटेल होणार होतं, वरच्या तीन मजल्यांवर राहायचे फ्लॅट. त्या भागात सगळीकडे हेच चाललंय. जिथे शंभर वर्षं माणसं शिक्के मारत बसली, तिथे आता टब बसवतात. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. टब निदान कुणाच्या उपयोगी पडतो.

अशा जुन्या इमारतीत बदल करायचे तर वारसा समितीची परवानगी लागते. समितीचा नियम साधा आहे. आत काय वाटेल ते करा, पण यादीतल्या वस्तू मूळ जागी, मूळ स्थितीत आणि मूळ वापरात राहिल्या पाहिजेत. यादी कंपनीने करून द्यायची होती. मॅनेजरने ती बाबांच्या टेबलावर ठेवली, कारण ज्या कामाला बाप नसतो ते काम त्या ऑफिसात बाबांच्या टेबलावर यायचं.

त्यांनी नऊ दिवस टेप घेऊन मापं काढली. जिना, घड्याळ, लिफ्टचा जाळीचा दरवाजा, पिकदाणी. एकोणचाळीस झाल्या. एक ओळ उरली. बाबांच्या पहिल्या साहेबाने त्यांना शिकवलं होतं की फॉर्ममध्ये रिकामी ओळ सोडायची नाही, मागाहून कोणीही काहीही घुसडतं. एरवी ते अशा ओळीवर तिरकी रेघ मारायचे. पण या फॉर्मच्या खाली छापलं होतं, ‘खाडाखोड असलेला फॉर्म बाद समजण्यात येईल.’ रेघ म्हणजे खाडाखोड का, असं त्यांनी मॅनेजरला विचारलं. मॅनेजर म्हणाला, ‘‘तुम्ही बघा हो, चेंदवणकर.’’

चेंदवणकरांनी बघितलं. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी चाळिसाव्या ओळीत लिहिलं: ‘हेड क्लार्क, एक. उंची पाच फूट चार इंच. साहित्य: मिश्र. स्थिती: बरी.’

त्यांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं.

‘‘तुम्ही स्वतःला लिहिलंत?’’ मी विचारलं.

‘‘ओळ रिकामी होती,’’ ते म्हणाले आणि ताक मागितलं.

यादी राजपत्रात आली. हरकतींसाठी तीस दिवस होते. हरकत कोणी घेतली नाही, कारण यादी कोणी वाचली नाही. बाबांनी वाचली होती. त्यांना त्यात शुद्धलेखनाची चूक सापडली नाही.

कंपनी हलली त्या दिवशी बाबा डबा पिशवीत घालून दरवाज्यापर्यंत आले. वॉचमन पांडे त्यांना वीस वर्षं ओळखत होता. त्याने उठून सलाम केला आणि आडवा हात धरला.

‘‘साहब, तुम्हाला नाय जाता येणार. लिस्टमध्ये हाय तुम्ही.’’

‘‘कुठल्या कलमाखाली?’’

पांडेने भिंतीवर डकवलेला कागद दाखवला. बाबांनी चष्मा बदलला, कागद उभ्यानेच दोनदा वाचला आणि परत वर जाऊन बसले. मग त्यांनी घरी फोन केला. ‘‘मला यायला जमणार नाही. कागद बरोबर आहे.’’

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. आईचं एकच मागणं होतं आणि ते तिने एकतीस वर्षं पुढे ढकललं होतं. तिला नवरा दुपारी घरात हवा होता. रविवारचा नको, रविवारी तो डोक्यावर पेपर घेऊन झोपलेला असतो. साधा मंगळवार, चारची वेळ, आणि समोर बसलेला माणूस. ‘‘दुपारी चार वाजता हे कसे दिसतात ते मला माहीत नाही,’’ ती म्हणायची. ती हे विनोदाने म्हणत नसे.

मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, त्यामुळे माझ्याकडे वेळ होता. बाबांना घरी आणायचं काम माझ्याकडे आलं.

मी आधी युनियनकडे गेले. साळसकर त्यांचे सेक्रेटरी. तीस वर्षं बाबांकडून प्रत्येक मोर्च्याला घोषणा लिहून घेतलेल्या, कारण बाबांचं अक्षर चांगलं. ते मला बघून खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला पेढा दिला.

‘‘पोरी, अगं जगात कुठल्या युनियनला हे जमलं नाही! कायम नोकरी, कायम नोकरी म्हणून आम्ही घसा फोडला. कायम म्हणतात ती ही!’’

‘‘काका, ती नोकरी नाहीये. कंपनी गेली. पगार बंद झालाय.’’

‘‘पण कोणी काढू शकतं का त्याला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’ साळसकर म्हणाले. ‘‘तुम्हा मुलांना ना, कशाचंच मोल नाही.’’

तिथून मी क्लेगॉर्न बिल्डिंगमध्ये गेले. आत भिंती फोडायचं काम चाललं होतं. कॅशचं काउंटर होतं तिथे आता बार होणार होता. दुसऱ्या मजल्यावर बाबा त्यांच्या टेबलाशी, त्यांच्या खुर्चीत बसले होते. धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर जाड प्लास्टिक घातलं होतं. पलीकडे पिकदाणीवरही तसंच होतं. जेवायच्या वेळी एक कामगार येऊन बाबांवरचं काढायचा.

‘‘गुदमरत नाही का?’’ मी विचारलं.

‘‘खालून हवा येते,’’ ते आतून म्हणाले. ‘‘कॉलेजचं काय ठरवलंस?’’

‘‘बाबा, तुम्ही प्लास्टिकमध्ये आहात.’’

‘‘ते मला दिसतंय. मी कॉलेजचं विचारलं.’’

वारसा समितीत मोघे नावाचे सदस्य सचिव होते. निवृत्त झाल्यावर त्यांना हे पद मिळालं होतं, कारण निवृत्त माणसाला घरी ठेवणं कोणालाच परवडत नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि माझा अर्ज शेवटापर्यंत वाचला. अर्ज वाचणारा तो मला भेटलेला पहिला अधिकारी. म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

‘‘नोंद वगळता येते,’’ मोघे म्हणाले. ‘‘वस्तू मूळची नाही, असं दाखवा.’’

‘‘इमारत एकोणीसशे अकराची आहे. माझे वडील अठ्ठ्याऐंशी साली आले.’’

‘‘लिफ्ट चौतीस साली आली. तीही यादीत आहे. तीस वर्षं एका जागी राहिलं की मूळचंच धरतात.’’

‘‘त्यांचा मोतीबिंदू काढलाय. डाव्या डोळ्यात प्लास्टिकची लेन्स आहे. तीन दात खोटे आहेत. म्हणजे ते मूळ स्थितीत नाहीत.’’

मोघ्यांनी याचा खरोखर विचार केला. ‘‘दर्शनी बाजूने कळतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ती आतली दुरुस्ती. परवानगी घेतली होती?’’

‘‘तेव्हा ते यादीत नव्हते.’’

‘‘तरी एक अर्ज देऊन ठेवा. मागाहून अडचण नको.’’

‘‘त्यांना ब्लडप्रेशर आहे. धोकादायक वस्तू काढता येते, असं नियमात आहे.’’

‘‘धोका कोणाला? त्यांना. इमारतीला नाही.’’ त्यांनी फाइल मिटली. मग, मी उठत नाही हे बघून, परत उघडली. ‘‘एक रस्ता आहे. यादी करणाऱ्याने लिहून दिलं की नोंद नजरचुकीने झाली, तर समिती ती काढते. येत्या शुक्रवारी जागेवर पाहणी आहे. तोवर आणा. त्यानंतर यादी कायम होते.’’

यादी करणारा म्हणजे बाबाच. मला वाटलं, सुटलो.

मी एका ओळीचं निवेदन टाइप करून घेतलं, आईला सोबत घेतलं आणि गुरुवारी तिथे गेले. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी आईने नवऱ्याचं ऑफिस बघितलं नव्हतं. ऑफिसात बायकोने यायचं नसतं, असं बाबांचं मत होतं आणि ते कधी कोणी तपासलं नव्हतं. ती जिना चढून आली, प्लास्टिकपाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘बारीक झालात.’’

‘‘मापं पूर्वीचीच आहेत,’’ बाबा म्हणाले.

मी प्लास्टिक वर केलं आणि कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला.

‘‘नजरचूक नव्हती. मी विचार करून लिहिलं होतं.’’

‘‘बाबा, एक सही आहे.’’

‘‘चौतीस वर्षांत माझ्या कुठल्या कागदावर नजरचूक हा शेरा नाही.’’

‘‘आई चार वेळा थांबून जिना चढलीये. तुमच्या शेऱ्यासाठी नाही चढली.’’

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग खालच्या आवाजात, ऑफिसातल्या कनिष्ठाला समजावतात तसं म्हणाले, ‘‘समजा, मी सही केली. चाळीस नंबर निघाला. मग त्या ओळीत काय?’’

‘‘काही नाही.’’

‘‘रिकामी?’’

त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. सबंध आयुष्यात त्यांना इतकं घाबरलेलं मी बघितलं नव्हतं. मला नोकरी लागली नाही तेव्हाही नाही, आजोबा गेले तेव्हाही नाही. मला त्या क्षणी त्यांना खुर्चीसकट खिडकीतून टाकून द्यावंसं वाटलं. पण खिडकी यादीत सतराव्या क्रमांकावर होती.

‘‘चाळिसावी वस्तू आणा,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘खरी. इथलीच, मूळ जागची. मी नजरचूक लिहिणार नाही. मी सुधारणा म्हणून लिहीन आणि सही करीन.’’

म्हणून आम्ही ती शोधायला लागलो. कंपनीने नेण्यासारखं सगळं नेलं होतं, आणि जे नेलं नव्हतं ते तोडणाऱ्यांनी तोडलं होतं. मी पाचही मजले फिरले. डेब्रिजच्या गोणी उपसल्या. एका गोणीत लोखंडी कासव सापडलं, दार उघडं राहावं म्हणून दाराशी ठेवतात तसं, चांगलं तीन किलोचं. मी ते पळत बाबांपुढे आणलं. त्यांनी पोटाखालचं साल वाचलं, खूश झाले, टेप काढली, आणि मग टेप परत गुंडाळली.

‘‘कुठे होतं?’’

‘‘गोणीत.’’

‘‘मग मूळ जागी नाही.’’

‘‘कोणाला कळणार आहे?’’

‘‘मला,’’ ते म्हणाले. त्यांना वाटतं हा प्रामाणिकपणा आहे. या पिढीने सगळा प्रामाणिकपणा अशा ठिकाणी खर्च केला, जिथे तो कोणी मागितला नव्हता.

आई या सगळ्यात बाबांच्या टेबलापाशीच बसून होती. पाच वाजत आले तेव्हा ती वाकली आणि टेबलाखाली बघत म्हणाली, ‘‘हे काय आहे?’’

टेबलाखालची जमीन सागवानी फळ्यांची होती. बाबा खुर्चीत बसले की चपला काढायचे आणि बेरजा करताना पाय जमिनीवर पुढेमागे घासायचे. घरीही घासायचे, आईने त्यासाठी गोणपाट टाकलं होतं. इथे चौतीस वर्षं कोणी गोणपाट टाकलं नव्हतं. फळीवर दोन खाचा पडल्या होत्या, लांबट, टाचेकडे खोल, अंगठ्याकडे उथळ. गुळगुळीत. आईने त्यात बोट फिरवलं.

बाबा खुर्ची मागे सरकवून खाली वाकले. त्यांनी मापं घेतली. टाचेला खोली पाऊण इंच निघाली.

‘‘मूळ जागी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘हलवता येत नाही. स्थिती उत्तम.’’ आणि त्यांनी पेन उघडलं.

शुक्रवारी समिती आली. मोघे, मागे दोघं सदस्य, हॉटेलचे प्रोजेक्ट मॅनेजर डिकुन्हा, आणि युनियनचे साळसकर, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी हार आणला होता. बाबांनी सुधारणा पुढे केली: ‘अनुक्रमांक चाळीस, हेड क्लार्कऐवजी, जमिनीवरील खाच, दोन.’ मोघे गुडघ्यावर बसले. वयाच्या मानाने ते बराच वेळ बसले.

‘‘सुंदर,’’ ते म्हणाले. ‘‘हे आधी का नाही लिहिलं?’’

‘‘माझे पाय होते त्यावर,’’ बाबा म्हणाले.

‘‘मंजूर.’’

आईने पिशवी उचलली. मी बाबांच्या अंगावरचं प्लास्टिक घडी करायला घेतलं. तेवढ्यात मोघ्यांनी फॉर्मचा पुढचा रकाना वाचला. तो ‘मूळ वापर’ असा होता, आणि बाबांनी तो रिकामा ठेवला नव्हता, अर्थातच. त्यात लिहिलं होतं: ‘पाय ठेवणे.’

‘‘वापर चालू राहिला पाहिजे,’’ मोघे म्हणाले. ‘‘नाहीतर ती नुसती झीज. झीज आम्ही यादीत घेत नाही.’’

‘‘पाय ठेवलेच पाहिजेत?’’ डिकुन्हांनी विचारलं. त्यांना हॉटेल उघडायची तारीख होती.

‘‘कार्यालयीन वेळेत. वर लोक राहायला येतील, खाली पाहुणे असतील. कोणी बघायला आलं तर खाच पायांसकट दिसली पाहिजे.’’

बाबांनी मान डोलावली. कागद बरोबर होता. ते चपला काढायला लागले.

तेव्हा आई बोलली. ती सरकारी माणसाशी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. ‘‘पाय कोणाचे ते लिहिलंय का?’’

मोघ्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. सदस्यांनी दोन्ही बाजूंनी मान घातली.

‘‘नाही,’’ मोघे म्हणाले. ‘‘नुसतं पाय ठेवणे.’’

मग साळसकरांनी माझ्याकडे बघितलं. मग डिकुन्हांनी. दोघं सदस्य माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली बघत होते. बाबांनी माझ्याकडे सर्वांत शेवटी बघितलं, आणि त्यांच्या हातात टेप होती.

‘‘मुलांना लावून घ्या, ही आमची अठ्ठ्याऐंशीपासूनची मागणी आहे,’’ साळसकर म्हणाले आणि हाराची गाठ सोडायला लागले.

‘‘मी नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आई, मी तुम्हा दोघांसाठी हे सगळं केलं.’’

‘‘हो गं बाळा,’’ आई म्हणाली. तिचा आवाज फार मऊ होता. ‘‘पण तुझं तसंही काही चाललेलं नाहीये ना.’’

‘‘तात्पुरतंच असेल,’’ बाबा म्हणाले.

‘‘माप बसलं पाहिजे,’’ मोघ्यांनी बजावलं. ‘‘माप नाही बसलं तर मला मंजूर करता येणार नाही.’’

मला वाटलं, हाच मार्ग. बाबा पुरुष आहेत, साठीला आलेत. मी वीस वर्षांची आहे आणि मला कुठे घासत बसायची सवय नाही. माप बसत नाही हे त्यांना दाखवायला मी चप्पल काढली, खुर्चीत बसले आणि पाय खाली ठेवले.

लहानपणी आत्या म्हणायची की पोरीचे पाय थेट बापावर गेलेत. मी ते विसरले होते.

मोघ्यांनी वाकून बघितलं. मग बाबांनी. त्यांनी माझ्या टाचेमागून टेप फिरवली आणि समाधानाने हूं केलं. नंतर त्यांनी चार्ज दिल्या-घेतल्याचा कागद केला, दोन प्रती, दोन साक्षीदार. वस्तूंच्या यादीत टेबल, खुर्ची, टाचण्यांची डबी, पेन. मी म्हटलं, मी सही करणार नाही. बाबा म्हणाले, सहीची जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि त्यांनी तिथे ‘सही करण्यास नकार, चार्ज घेतला’ असं लिहिलं. त्यांचं अक्षर खरंच चांगलं आहे.

ते आणि आई जिन्याने खाली गेले. पांडेने त्यांना सलाम केल्याचं मला वरून ऐकू आलं.

हॉटेल मार्चमध्ये उघडलं. वरचे फ्लॅट आता भरले आहेत. चौथ्या मजल्यावर एक जोडपं राहतं, त्यांना माझी सवय झाली आहे, ते सकाळी हात करतात. दहा ते पाच चाळीस मी इथे असते. संध्याकाळी घरी जाता येतं, कारण खाच यादीत आहे, मी नाही. ही सोय बाबांना नव्हती आणि ते मला तिची आठवण करून देतात. मी पोचते तेव्हा दोघं झोपून उठलेले असतात. दुपारची झोप त्यांना चांगली लागते, आई सांगते.

रविवारी हॉटेल जुन्या वस्तूंची फेरी काढतं, म्हणून रविवारीही मला यावं लागतं. पुढे छत्री धरलेली गाइड असते, मागे वीसेक माणसं. गेल्या रविवारी त्यांत आई आणि बाबा होते. आईने चांगली साडी नेसली होती. गाइडने सगळ्यांना दोरीपाशी उभं केलं आणि खाचेचं साल सांगितलं. बाबांनी हात वर केला, जरा पुढे आले आणि तिला म्हणाले की सगळं ठीक आहे, फक्त डावी टाच थोडी मागे हवी.

मी टाच मागे घेतली.